कापसाची 'खंडी' आणि खायची 'कँडी': शब्द एकच की दोन?

सरकी_चोपडा

राम राम मंडळी.

हंगाम सुरू झाला की जिनिंगवाल्याच्या (कपाशीतून सरकी काढून रुई करणाऱ्याच्या) तोंडी दिवसभर एकच शब्द असतो: रुई तोलायचं माप, खंडी. "रुई काय खंडी चालली?" "सकाळपासून पाचशेने पडली." मुंबईहून बाजारभावाचा जो इंग्रजी कागद येतो त्यावर मात्र 'रुपीज पर कँडी' छापलेलं असतं. तोच शब्द पोरांच्या गोळ्यांच्या पाकिटावर. नेटवर 'कॉटन कँडी रेट' टाकलं तर अर्धं पान गुलाबी म्हातारीचे केस आणि ते बनवायच्या मशीनच्या जाहिराती.

यावर इथे तीन मतं ऐकायला मिळतात. एक, इंग्रजाला 'खंडी' म्हणता येईना म्हणून त्याने ओळखीचा 'कँडी' शब्द त्यावर चिकटवला, बाकी संबंध शून्य. दोन, साखर खंडीच्या मापाने विकली जायची, म्हणून गोड गोळी ती कँडी. तीन, खंड, खंडी, खांडसरी, खानदेश हे सगळं एकाच मुळाचं. खानदेश म्हणजे खंड्यांनी पिकणारा देश.

यातलं खरं कोणतं? आणि खंडी नक्की किती किलोची? कोणी ३५५ सांगतो, कोणी ३५६, कागदावर ३५५.६२ सुद्धा पाहिलंय. असला आडवातिडवा आकडा आला कुठून? नुसता निकाल नको, कसा शोधला तेही लिहा, म्हणजे उद्या दुसरा शब्द धरून बसता येईल.

शब्दाचा_माग

सरकीभाऊ, तिन्ही मतं चुकलीत, पण प्रत्येकात खऱ्याचा एकेक तुकडा आहे. गोळीची कँडी आणि कापसाची कँडी हे इंग्रजीत दोन निराळे शब्द आहेत. निराळ्या वाटांनी, निराळ्या काळात तिथे पोचले. मुळाशी मात्र दोघांचं गाव बहुतेक एकच निघतं: संस्कृत 'खण्ड्', म्हणजे तोडणे, तुकडे करणे.

माग काढताना उलटं चालायचं. शब्द आज जिथे आहे तिथून एकेक पाऊल मागे, मधला टप्पा न गाळता. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून थेट गाठ मारली की फसलंच. गोड कँडीपासून सुरू करतो, कारण तिचे सगळे टप्पे सापडतात.

इंग्रजीतल्या जुन्या नोंदी पाहिल्या तर कँडी एकटी येत नाही. 'शुगर कँडी' अशी जोडीने येते आणि तिचा अर्थ आपली खडीसाखर. तीही मिठायवाल्याकडे नाही, औषधवाल्याकडे मिळायची, खोकल्यासाठी. सगळ्या गोड गोळ्यांना सरसकट कँडी म्हणणं ही पुढे अमेरिकेने लावलेली सवय. इंग्लंडातलं पोरगं आजही 'स्वीट्स' मागतं. दुसरं मत इथेच पडतं. शब्द मापाचा असता तर त्याचा पहिला अर्थ पोतं-गोणीच्या अंगाने निघाला असता. तो निघतो खड्याच्या, स्फटिकाच्या अंगाने.

इंग्रजीने ही जोडी जुन्या फ्रेंचमधून घेतली: 'स्यूक्र कांदी'. त्याच्या मागे इटालियन 'झुक्केरो कांदी'. इटालियनांनी इथे एक गंमत करून ठेवली. शेवटचा 'ई' ऐकून त्यांना वाटलं की हे 'केलेलं', 'भाजलेलं' अशा घडणीचं रूप आहे. मग त्यातून 'कांदीरे', म्हणजे पाकवणे, असं क्रियापदच बसवलं आणि 'कांदीतो' म्हणजे पाकवलेलं. मुळात नव्हता तो धातू नुसत्या शेपटीवरून उभा राहिला. टूटीफ्रूटीच्या डब्यावर फळांना 'कँडीड' म्हटलेलं असतं, ते याच अर्थाने.

तो 'ई' खरा अरबीतला. अरबी 'क़ंद' म्हणजे उसाची घट्ट साखर आणि 'क़ंदी' म्हणजे क़ंदाची. हिंदचा तो हिंदी, तसं. अरबीच्या मागे फारसी. इराणात आजही चहा पिताना दातात धरायचा साखरेचा खडा म्हणजे क़ंदच. आणि फारसीच्या मागे आपला 'खण्ड'.

आता उच्चार जुळतात का ते बघायचं, कारण नुसता अर्थ कुठेही जुळवता येतो. आपला महाप्राण 'ख' फारसीत नाही. त्यांचा 'ख़बर'मधला ख़ घशात घासून येतो, तो वेगळा. म्हणून परक्या 'ख'च्या जागी 'क' बसला. मूर्धन्य (जीभ टाळूकडे वळवून म्हणायचे) 'ण' आणि 'ड' ना फारसीत ना अरबीत, म्हणून 'ण्ड'चा 'न्द' झाला. दोन्ही बदलांना कारण आहे, ओढून आणावं लागत नाही.

तरी एकट्या शब्दाच्या साक्षीवर थांबू नये. सोबत प्रवास केलेला दुसरा शब्द सापडला तर माग पक्का होतो, आणि इथे तो शेजारीच बसलाय: 'शुगर'. संस्कृत शर्करा, प्राकृत सक्कर, फारसी शकर, अरबी सुक्कर, इटालियन झुक्केरो, फ्रेंच स्यूक्र, इंग्रजी शुगर. स्टेशनं तीच, गाडी तीच. शर्करा शब्दाचा मूळ अर्थ बारीक खडे, भरड वाळू. म्हणजे अमेरिकेतलं पोरगं 'शुगर कँडी' म्हणतं तेव्हा ते बिघडलेल्या उच्चारात 'शर्करा-खण्ड'च म्हणतंय.

हा खण्ड म्हणजे नुसता 'तुकडा' की साखरेचाच एक प्रकार? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या मालाची यादी आहे. त्यात 'क्षारवर्ग' म्हणून पाच गोष्टी एका ओळीत येतात: फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड, शर्करा. फाणित म्हणजे आपली काकवी. तिथून जसजसा रस आटवत, मळी काढत, साफ करत जावं तशी ही नावं पुढे सरकतात. खण्ड हा त्यातला ठराविक दर्ज्याचा माल होता, आणि मालाचं नाव मालाबरोबर जातं. ग्रीक भाषेतल्या जुन्या सागरी प्रवासवर्णनात, पेरिप्लसमध्ये, भडोचकडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मालात 'वेतातलं मध, ज्याला साख्खारी म्हणतात' असा उल्लेख येतो. वेत म्हणजे ऊस, हे सांगायला नको.

राहिली कापसाची कँडी. ती या वाटेने गेलीच नाही. मराठी-तेलुगूत खंडी, तमिळ-मल्याळमकडे कण्डी. पोर्तुगीज व्यापारी आपल्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांनी हे माप 'कांदील' म्हणून वहीत लिहिलं आणि इंग्रजांनी त्यालाच 'कँडी' केलं. इथे कँडीचा शेवटचा 'ई' अरबीतला नाही, आपल्याच 'खंडी'तला आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्हीकडे शेवटी तेच अक्षर, पण एक आलंय बगदादच्या बाजूने आणि दुसरं जळगाव-सुरतच्या बाजूने.

पहिल्या मतातला खरा तुकडा हा: इंग्रजांच्या तोंडी गोड कँडी आधीपासून होती, त्यामुळे नवं माप लिहिताना हात आपसूक त्याच स्पेलिंगकडे वळला असणार. पण शब्द त्यांनी इथूनच उचलला, घरून आणला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मतातला तुकडा म्हणजे मुळाशी असलेला तो 'खण्ड्'.

ज्यांना स्वतः बघायचंय त्यांनी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि यूल-बर्नेलचा 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) उघडावा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्ही फुकट शोधता येतात. हॉब्सन-जॉब्सनमध्ये माप आणि खडीसाखर अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. एकच वाचून उठू नका.

रुईबाजार

शब्दाचं मागसाहेबांनी सांगितलं, वजनाचं मी सांगतो. चुकीच्या खंडीने हिशेब केला तर नुसता वाद होत नाही, पैसे जातात.

खंडीचा मूळ नियम एकच: वीस मणांची एक खंडी. घोळ मणात आहे. मण जागोजागी वेगळा, म्हणून खंडी वेगळी. इंग्रजांच्या काळात मद्रासचा मण २५ पौंडांचा, म्हणून तिथली खंडी ५०० पौंड. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणून मुंबईची साधी खंडी ५६० पौंड. धान्याची खंडी तर वजनाची नव्हेच, मापाची: चार शेरांची पायली, कुठे बारा तर कुठे सोळा पायल्यांचा मण, आणि वीस मणांची खंडी. धनगर मेंढ्या मोजतात तिथेही एक खंडी म्हणजे वीस मेंढ्या. कानडीत खंडुग आहे, तोही वीस कोळगांचा. म्हणजे 'वीसचा एक गट तोडून बाजूला ठेवला' हा भाव सगळीकडे आहे, जो 'खण्ड'शी चांगला बसतो.

कापसाने मात्र वीसचा नियम मोडला. रुईची खंडी ठरली ७८४ पौंडांची. हा आकडा वेडावाकडा दिसतो, पण इंग्रजांच्या हिशेबात तो अगदी गोल आहे. त्यांचा हंड्रेडवेट ११२ पौंडांचा आणि ११२ गुणिले ७ म्हणजे ७८४. मुंबईच्या २८ पौंडी मणात मोजलं तर २८ मण बरोब्बर. हंड्रेडवेटमध्ये मोजा की मुंबईच्या मणात, अपूर्णांक येत नाही.

१९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने मेट्रिक आलं आणि पौंड गेला, पण खंडी राहिली. एक पौंड ०.४५३५९ किलो, म्हणून ७८४ पौंड म्हणजे ३५५.६२ किलो. सरकीभाऊंचे तिन्ही आकडे याच एका आकड्याचे: ३५५ हा खालचा पूर्णांक, ३५६ वरचा, ३५५.६२ पूर्ण. व्यवहारात बरेच जण ३५६ धरतात. शंभर खंड्यांच्या सौद्यात ३५५.६२ आणि ३५६ मधला फरक ३८ किलो रुईचा होतो. म्हणून सौदाचिठ्ठीवर खंडी किती किलोची ते लिहून घ्यावं.

लोक नेहमी चुकतात त्या जागा:

एक, खंडी आणि गाठ एक समजणं. प्रेसमधून निघणारी गाठ १७० किलोची. खंडीत दोन गाठी आणि वर सुमारे साडेपंधरा किलो. 'खंडी म्हणजे दोन गाठी' असं तोंडी चालतं, बिलात चालत नाही.

दोन, गुजरातच्या भावाशी तुलना. तिकडे कपाशीचा भाव २० किलोच्या मणावर बोलतात. काही जण त्या मणाला वीसने गुणून '४०० किलोची खंडी' काढतात. अशी खंडी कापसाच्या बाजारात नाही.

तीन, सगळ्यात महाग पडणारी चूक. खंडीचा भाव रुईचा असतो, शेतकऱ्याच्या कपाशीचा नाही. कपाशीचा भाव क्विंटलवर. मध्ये रुईचा उतारा येतो. शंभर किलो कपाशीतून ३४ किलो रुई धरा, ६४ किलो सरकी, बाकी घट-कचरा. मग एका खंडीला ३५५.६ भागिले ०.३४, म्हणजे १,०४६ किलो कपाशी लागते, साडेदहा क्विंटलला जरा कमी. उतारा ३६ पडला तर ९८८ किलोंतच खंडी भरते. ओली कपाशी घेतली की वजन काट्यावर दिसतं आणि उताऱ्यात गायब होतं.

हिशेब दाखवतो, आकडे नुसते धरलेले आहेत. रुई ५६,००० रुपये खंडी. भागिले ३५५.६, म्हणजे किलोला १५७ रुपये ४८ पैसे. क्विंटलचा भाव पटकन हवा तर खंडीच्या भावाला ०.२८१२ ने गुणा: १५,७४७ च्या आसपास. आता ३४ च्या उताऱ्याने क्विंटलभर कपाशीतली रुई ५,३५४ रुपयांची. सरकी ३५ रुपये किलो धरली तर ६४ किलोंचे २,२४०. बेरीज ७,५९४. यातून जिनिंग-प्रेसिंगचा खर्च, हमाली, वाहतूक, व्याज जाऊन जे उरेल ते कपाशीला देता येतं. 'रुई छप्पन हजार आणि आम्हाला सातच हजार कसे' हा प्रश्न दरवर्षी येतो, म्हणून एवढं लिहिलं.

खंडी टिकली याचं एक कारण न्यूयॉर्कचा वायदा आहे, असं माझं मत. तिथे भाव पौंडाला सेंटमध्ये बोलतात. खंडीत नेमके ७८४ पौंड, त्यामुळे ५६,००० भागिले ७८४ म्हणजे पौंडाला ७१ रुपये ४३ पैसे, आणि डॉलर ८५ धरला तर ८४ सेंट. एका भागाकारात परदेशी भाव समोर.

पारोळ्याची_पोर

माहिती भारी आहे. शंका दोन. गुलकंदातला 'कंद' हा क़ंदच का? तसं असेल तर शकरकंद आणि समरकंदही त्यातलेच? आणि कँडल, कँडिडेट हे शब्द कँडीचे कोण लागतात?

शब्दाचा_माग

ताई, शंका नेमकी अशा जागेवर आहे जिथे चांगले चांगले पाय घसरून पडतात.

गुलकंद: हो. फारसी गुल म्हणजे गुलाब आणि क़ंद म्हणजे साखर. गुलाबपाकळ्या आणि साखर थरावर थर देऊन उन्हात ठेवतात तो पदार्थच नावात सांगितलाय. कलाकंदातही तोच क़ंद.

शकरकंद: नाही. इथे 'शकर' फारसी आणि 'कंद' आपला संस्कृत, जमिनीखालचा. सूरणकंदातला. क़ंद मानला तर नावाचा अर्थ 'साखरेची साखर' होईल आणि रताळं कुठेच उरणार नाही.

समरकंद, ताश्कंद: नाही. तिथला 'कंद' मध्य आशियातल्या जुन्या सोग्दी भाषेतला, अर्थ गाव, शहर. श्रीलंकेतलं कँडी शहरही वेगळं. ते सिंहली 'कंद' म्हणजे डोंगर, यावरून पोर्तुगीजांनी आखूड केलेलं नाव.

कानाला एक वाटणारे शब्द चार, आणि मुळं चार. म्हणून म्हटलं, थेट गाठ मारू नका.

कँडल आणि कँडिडेट लॅटिनकडचे. तिथे 'कांदेरे' म्हणजे चमकणे, 'कांदिदुस' म्हणजे पांढराशुभ्र. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूने पांढरा केलेला झगा घालून फिरायचा, त्यावरून कँडिडेट. पांढरे कपडे घालून मतं मागायची रीत तेवढी जुनी आहे. हा लॅटिन धातू आपल्या 'चंद्र' शब्दाचा सख्खा चुलत. म्हणजे कँडलचं नातं चंद्राशी आणि कँडीचं खंडाशी. पण दोन्ही नाती एका जातीची नाहीत. चंद्र आणि कँडल एकाच आजीची नातवंडं, कोणी कोणाकडून काही घेतलेलं नाही. कँडी मात्र उसनवारीने गेली, हातोहात. शब्द मिळताजुळता दिसला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: हे रक्ताचं नातं की उधारी?

आणखी एक. आपण पांढऱ्या दाणेदार साखरेला हिंदीत 'चीनी' आणि खडीसाखरेला 'मिश्री' ऐकतो. चीनी म्हणजे चीनची, मिश्री म्हणजे मिस्रची, इजिप्तची. ज्या देशातून खण्ड आणि शर्करा हे शब्द जगभर गेले, त्याच देशात साखरेला परदेशी गावांची नावं लागली. (दातांना लावायची तंबाखूची मिश्री वेगळी, तिचा साखरेशी संबंध नाही.)

जिन_फिटर

मध्येच बोलतो. असाच दुसरा जुळा 'जिन'. आपण 'जिन चालू झाली' म्हणतो तो जिन इंग्रजी 'एंजिन'चाच आखूड तुकडा. जुन्या फ्रेंचमध्ये 'आंजें', त्याच्या मागे लॅटिन 'इंगेनियुम', म्हणजे अक्कल, हिकमत. बाटलीतली जिन डच 'येनेव्हर'वरून, जुनिपर झाडाच्या फळावरून. संबंध काही नाही. १७९३ ची व्हिटनीची जिन तारेच्या दातांची होती. आपल्याकडे जास्त चालते ती डबल रोलर, चामड्याच्या रोलरला पातं लागून तंतू ओढणारी, पण नाव तेच पडलं.

तापीकाठ

खानदेशाचं कोणी घेतलं नाही, म्हणून मी घेतो.

सरकीभाऊ, खानदेश आणि खंडी यांचा संबंध लावता येत नाही, आणि कारण शब्दाचा_माग यांनी दिलेल्या कसोटीतच आहे. 'खंड'मध्ये ण आणि ड आहे. 'खंडदेश' असतं तर मराठीच्या तोंडी तो 'ड' टिकला असता. फारसीला ड जमत नाही, आपल्याला जमतो. खांडसरीत, खंडाळ्यात टिकलाच ना? 'खानदेश'मध्ये ड नाही, दीर्घ 'आ' आहे आणि साधा 'न'.

सगळ्यात जास्त आधार असलेलं मत 'खान'चं. फारुकी घराणं थाळनेरला बसलं. थाळनेर म्हणजे आताच्या शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव. मलिक राजाने १३८२ च्या सुमारास सत्ता उभी केली. त्याचा मुलगा नासीर, ज्याने पुढे बऱ्हाणपूर वसवलं, त्याला गुजरातच्या अहमदशहाने 'खान' किताब दिला आणि त्यावरून खानदेश, असं आईन-ए-अकबरीत अबुल फजलने लिहिलंय. १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर अकबराने शहजादा दानियालच्या नावाने याला 'दानदेश' केलं. ते नाव टिकलं नाही. पण यावरून एक कळतं: दरबाराला तेव्हा 'खान' हा भाग माणसाच्या किताबासारखा वाटत होता, म्हणून त्या जागी दुसऱ्या माणसाचं नाव बसवता आलं.

दुसरं मत 'कान्हदेश', म्हणजे कान्हाचा, कृष्णाचा देश. काही जण कानबाईशी जोडतात. श्रावणात कानबाई घरोघर बसते, त्यामुळे हे मत इथे मनाला पटतं, पण मनाला पटणं हा पुरावा नव्हे. 'क'चा 'ख' का झाला ते सांगावं लागेल. यादवांच्या काळात यातल्या बऱ्याच भागाला सेऊणदेश म्हणत, तेही ध्यानात ठेवा. प्रदेश जुना असला म्हणजे नाव तितकंच जुनं असं नसतं.

करकंडू

शब्दाचा_माग, एका जागी थोडी घाई झालीय. 'मुळाशी संस्कृत खण्ड्' म्हणताना तुम्ही 'बहुतेक' लिहिलंत, ते का लिहावं लागतं ते सांगितलं नाहीत. तमिळमध्ये खडीसाखरेला 'कर्कण्डु' म्हणतात: कल् म्हणजे दगड आणि कण्डु म्हणजे घट्ट गोळा. यूल-बर्नेलनीच लिहून ठेवलंय की फारसी-अरबीने हा शब्द थेट दक्षिणेकडून घेतला असू शकतो, आणि मूळ द्राविडी असू शकतं. गोड कँडीच्या बाबतीत ही शक्यता खरी आहे. खंडी मापाला मात्र 'तुकडा, गट' हाच अर्थ लागतो, तिथे खण्ड् भक्कम.

शब्दाचा_माग

बरोबर, मान्य. माझ्या बाजूने एवढंच की अर्थशास्त्रात खण्ड हा शर्करेच्या शेजारी, मालाच्या नावानेच आलाय, आणि शर्करा हा शब्द याच वाटेने पुढे गेलेला दिसतो. जोडीतला एक गडी उत्तरेच्या वाटेने गेला तर दुसराही त्याच्यासोबत गेला असं मानणं मला सोपं वाटतं. पण यावर निकाल लागलेला नाही, ते 'बहुतेक' तसंच राहू द्या.

खण्ड् धातूचं मराठीतलं गोत बघायचं तर: खंडणे, खंडणी, खंडित, आणि शेत 'खंडाने' देतात तो खंड. पीक काहीही येवो, ठरलेली रक्कम तोडून द्यायची. 'खंडीभर कामं पडलीत' मध्ये माप गेलं, नुसता ढीग उरला.

सरकी_चोपडा

सगळ्यांचे आभार. एक व्यवहारातलं राहिलं. इंग्रजी कोटेशन परदेशी पार्टीला पाठवताना 'कँडी' लिहावं का? आणि नेटवर भाव शोधताना ते म्हातारीचे केस कसे टाळावेत?

रुईबाजार

लिहा, पण नुसतं लिहू नका. 'पर कँडी ऑफ ३५५.६२ किलोग्रॅम्स' असं पहिल्याच ओळीत टाका आणि खाली सेंट-पर-पौंडचा आकडा द्या. भारतीय रुई नेहमी घेणाऱ्याला कँडी कळते. नव्याला नाही कळत, आणि तो विचारणारही नाही, दुसऱ्याचं कोटेशन उचलेल.

शोधताना 'कॉटन कँडी' ही जोडी टाळा. अमेरिकेत साखरेच्या त्या तंतूंचं मशीन १८९७ मध्ये निघालं (काढणाऱ्या दोघांपैकी एक दातांचा डॉक्टर होता!). १९०४ च्या सेंट लुईसच्या जत्रेत ते 'फेअरी फ्लॉस' नावाने विकलं गेलं. कॉटन कँडी हे नाव मागाहून पडलं आणि आता नेट त्याच नावाने भरलंय. 'शंकर-६' टाका, सोबत 'लिंट' किंवा 'रुई', किंवा कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचे स्पॉट रेट. जातीचं नाव टाकलं की गुलाबी काही येत नाही.

जिन_फिटर

आणि वजनकाट्याच्या पावतीवर पोरगं 'कँडी' लिहीत असेल तर त्याला 'खंडी'च लिहायला सांगा. काट्यावर सगळे तेच वाचतात.